रात्री तीन वाजता हाताला लागणारा कागद

वर्गाची सुरुवात मी नेहमी एकाच प्रश्नाने करते. रात्रीचे तीन वाजलेत. वॉर्डात तुम्ही आणि एक आया, बस्स. ड्युटीवरचे डॉक्टर खाली कॅज्युअल्टीत अडकलेत. सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचा श्वास थांबला. पहिलं काय कराल?

हात भराभर वर होतात. मदतीला हाक मारायची, खाट सपाट करायची, छाती दाबायला घ्यायची, दुसऱ्याने तातडीच्या औषधांची क्रॅश कार्ट आणायची, श्वास द्यायची अँबू बॅग लावायची. सगळं बरोबर. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना नर्सिंगच्या कॉलेजात मीच हे शिकवलंय.

मग दुसरा प्रश्न. या आजोबांनी दोन वर्षांपूर्वी शुद्धीत असताना लिहून ठेवलंय, की अशी वेळ आली तर मला यंत्रावर ठेवू नका. त्याची प्रत त्यांच्या मुलीने ॲडमिशनच्या दिवशी तुमच्याच काउंटरवर दिलीय. ती आता कुठे आहे?

वर्ग गप्प होतो. मागच्या महिन्यात एका हॉस्पिटलात मागच्या रांगेतला एक ब्रदर म्हणाला, "रेकॉर्ड रूममध्ये असेल, मॅडम." रेकॉर्ड रूमची किल्ली कुणाकडे? "क्लार्ककडे. ते नऊ वाजता येतात." कुणीही हसलं नाही. सगळ्यांनी सात नंबरची खाट डोळ्यांसमोर आणली होती आणि सहा तासांचा हिशेबही केला होता.

मी एकतीस वर्षं नर्सिंगमध्ये काढली, त्यातली शेवटची बारा शिकवण्यात. निवृत्त झाल्यावर बोलावतील त्या हॉस्पिटलात जाते. कधी म्हापशाकडे, कधी मडगावला, कधी फोंड्याच्या आसपास. विषय एकच. माणसाने आयुष्याच्या शेवटी आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत हे लिहून ठेवलेलं असेल, तर तो कागद कसा ओळखायचा, कुठे ठेवायचा, त्याबद्दल घरच्यांशी काय बोलायचं. कायद्याच्या भाषेत त्याला आगाऊ वैद्यकीय निर्देश म्हणतात, लोकांच्या तोंडी लिव्हिंग विल. मी वर्गात 'विल' हा शब्द वापरू देत नाही. गोव्यात विल म्हटलं की घर आठवतं, नारळीचं भाट आठवतं, सब-रजिस्ट्रारचं ऑफिस आणि वारसांच्या वाटणीची वर्षानुवर्षं चाललेली इन्व्हेंटरी आठवते. आजारी बापाच्या उशाशी नर्सने येऊन "त्यांनी विल केलंय का?" असं विचारलं, तर तीन भावंडं एकमेकांकडे संशयाने बघायला लागतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून आम्ही विचारतो, "उपचारांबद्दल त्यांनी कधी काही सांगून किंवा लिहून ठेवलंय का?" एवढं सरळ विचारलं की लोक उत्तर देतात.

कायद्याचा भाग मी लवकर उरकते, कारण तिथे शिकवण्यापेक्षा भीती घालवण्याचंच काम जास्त असतं. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि सज्ञान माणसाला असा निर्देश आधी लिहून ठेवता येईल. पण त्यासाठी घालून दिलेली वाट इतकी बिकट होती की तिच्यावरून फारसं कुणी गेलंच नाही. कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. पुढे यंत्र काढायचं की नाही ते ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डात बसायला वीस वर्षं अनुभवाचे डॉक्टर, जिल्हाधिकाऱ्याने नेमलेलं दुसरं बोर्ड, मग पुन्हा न्यायदंडाधिकारी येऊन पेशंटला बघणार. जानेवारी २०२३मध्ये न्यायालयानेच हे सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. हॉस्पिटल स्वतः दोन बोर्डं नेमतं. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि निदान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ, दुसऱ्यात पहिल्या बोर्डात नसलेले तिघे, त्यातला एक जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला. दोघांनीही शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं. न्यायदंडाधिकाऱ्याला आता फक्त कळवायचं असतं. आणि पेशंट स्वतः बोलू शकतो, ठरवू शकतो तोवर हा कागद लागूच होत नाही, त्याचा शब्दच शेवटचा. लिहिलेलं बदलायची, रद्द करायची मुभा त्याला कायम असते.

मे २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचा असा निर्देश केला. गोव्यात असं करणारे ते पहिले. वर्तमानपत्रात बातमी आली तेव्हा मी ती कापून वहीत चिकटवली. ती वही घेऊनच मी वर्गात जाते. न्यायमूर्ती स्वतः करतात म्हटल्यावर नर्सेसच्या खांद्यावरचा थोडा भार उतरतो.

"मॅडम, म्हणजे हे इच्छामरण का?" हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतोच. विचारणाऱ्याचा दोष नाही, आपल्या भाषेने सगळ्याला एकच शब्द देऊन ठेवलाय. भीष्म उत्तरायणाची वाट पाहत पडला तेही इच्छामरण, विनोबांनी १९८२ साली पवनारला अन्न, पाणी आणि औषध थांबवलं त्यालाही लोक तेच म्हणतात. मी सांगते, इथे कुणी कुणाला मारत नाही आणि कुणी स्वतः मरणही मागत नाही. आजार न्यायचं तिथे नेतोच आहे. मधे यंत्र घालून ती वाट लांबवायची की नाही, एवढंच त्या माणसाने सांगितलेलं असतं. हे ऐकल्यावर काही चेहरे सैल होतात. सगळे होत नाहीत.

वर्गात एक गोष्ट मी अलीकडेपर्यंत सांगत नव्हते. आता सांगते.

माझी आई शिक्षिका. गोवा मुक्तीनंतर मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या, तेव्हा १९६४ साली ती पहिलीच्या वर्गावर लागली आणि निवृत्त होईपर्यंत बहुतेक काळ पहिलीच शिकवत राहिली. अक्षर वळणदार. घरातल्या किराणा मालाच्या यादीतसुद्धा तिची शिरोरेषा पट्टी लावून ओढल्यासारखी असायची. २०१७मध्ये तिला पहिला स्ट्रोक आला, त्यातून ती बरीच सावरली. महिनाभराने मी माहेरी गेले होते तेव्हा तिने एकरेघी वहीचं एक पान माझ्या हातात दिलं. रजेचा अर्ज लिहावा तसं लिहिलेलं, वर उजव्या कोपऱ्यात तारीख, खाली पूर्ण नावाची सही. मजकूर चार ओळींचा. 'मला पुन्हा असा झटका आला आणि मी बरी होण्यासारखी नसेन, तर मला नळ्या घालू नयेत. तोंडात पाणी घालावे. अंगणाकडच्या खोलीत ठेवावे. कुणी रडून गोंधळ घालू नये.'

मी काय केलं? "असलं काही बोलू नकोस गं," म्हणाले, पानाची घडी घातली आणि देवघरात पोथीच्या कपड्यात सरकवून दिली. तेव्हा माझ्या नोकरीला सत्तावीस वर्षं झाली होती. दुसऱ्या कुणाच्या आईने असा कागद दाखवला असता, तर मी त्या मुलीला खुर्चीवर बसवून समजावलं असतं.

२०१९च्या चवथीनंतर आठवडाभरात दुसरा झटका आला. गणपतीपुढची फळांची माटोळी उतरवायचीच होती अजून. मोठा झटका होता, त्यात छातीत कफ साचून न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन नीट सांगितलं, की व्हेंटिलेटर लावला तर काही दिवस मिळतील, बाकी आशा कमी. मग विचारलं, "काय करायचं?" तिथल्या कुणाचं काहीही चुकलं नाही हे मला स्पष्ट लिहायचंय. त्यांनी विचारलं, उत्तर द्यायची मी होते.

माझा भाऊ तारवटी. तेव्हा त्याची शिप भूमध्य समुद्रात कुठेतरी होती. व्हॉट्सॲपवर आवाज तुटत येत होता. "सगळं कर. पैशांचं बघू नकोस. मी येतो तोवर तिला सांभाळ." मी फोन ठेवला आणि सही केली. तो कागद पोथीत आहे हे मला त्या क्षणी लख्ख आठवत होतं. विसरले असते तर बरं झालं असतं असं पुढे कितीदा तरी वाटलं.

आई अकरा दिवस यंत्रावर होती. तिसऱ्या दिवशी तिची शुद्ध थोडी वर आली आणि तिने नळी ओढली. म्हणून चांगला होता तो हात गॉजच्या पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधला. अशी पट्टी मी स्वतः शेकडो वेळा बांधली आहे, दोन बोटं आत जातील इतकी सैल ठेवून, कातडी लाल होते का ते दर दोन तासांनी बघत. तिच्याही पट्टीत मी दोन बोटं घालून बघितली. बरोबर बांधली होती. पाचव्या दिवशी तिची बोटं चादरीवर हलत होती. मी पट्टी सोडली, पॅड पुढे धरलं, पेन बोटांत दिलं. तिने लिहिलं. काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही, आजही येत नाही. अक्षरं एकमेकांत गुंतून गेली होती. त्यांच्यावरची रेघ मात्र डावीकडून उजवीकडे सरळ गेली होती.

भाऊ नवव्या दिवशी पोहोचला. अकराव्या दिवशी पहाटे आई गेली. बाराव्याचं सगळं आवरल्यावर मी देवघरातून ती घडी काढली आणि भावाच्या हातात ठेवली. त्याने वाचली. "तुला ठाऊक होतं?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. तो उठून अंगणात गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

त्यानंतर 'सगळं करा' हे दोन शब्द मी वर्गात फळ्यावर लिहायला लागले. गोव्यातल्या कुठल्याही आयसीयूच्या बाहेर हे शब्द रोज ऐकू येतात, आणि ते बहुतेक वेळा फोनवरूनच येतात. कारण निर्णय घेणारा माणूस शिपीवर असतो, आखातात असतो, लंडनला असतो. खाटेपाशी असते ती सून, नाहीतर न लग्न झालेली बहीण, नाहीतर शेजारी. लांबच्या माणसाला आईचा चेहरा दिसत नाही, सुजलेले हात दिसत नाहीत. त्याला एवढंच कळतं की मी तिथे नाही, आणि ते नसणं भरून काढायला त्याच्याकडे एकच गोष्ट असते, 'सगळं' हा शब्द. तो हट्टी नसतो. तो धावत येऊ शकत नाही म्हणून तसं बोलतो.

तेव्हा मी विचारते, 'सगळं' म्हणजे काय? आणि नर्सेसना डमीपाशी आणते. छाती दाबणं हे सगळ्यांनी परीक्षेसाठी केलेलं असतं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस, पाच सेंटिमीटर खोल. पण आता मी सांगते, की ही तुमची पंचाऐंशी वर्षांची आजी आहे, हाडं ठिसूळ, वजन अडतीस किलो, कॅन्सर यकृतात गेलेला. दाबा. पाच सेंटिमीटर म्हणजे किती ते आता हाताला वेगळं कळतं. म्हातारपणी बरगड्या मोडतात, मोडल्याचं तळव्याला समजतं, ज्याने एकदा अनुभवलंय तो ते विसरत नाही. छाती बाहेरून दाबून हृदय चालू ठेवायची ही पद्धत १९६० साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समधल्या तिघांनी मांडली. अचानक थांबलेल्या हृदयासाठी ती होती. बुडालेला मुलगा, शॉक लागलेला वायरमन, ऑपरेशनच्या टेबलावरचा पेशंट. अशांना ती परत आणते, मी परत आलेले पाहिलेत, आणि म्हणूनच ती जीव तोडून शिकवते. आजाराने पूर्ण झिजून गेलेल्या शरीराचं हृदय शेवटी थांबतं, ते निराळं थांबणं आहे. दोन्हींना आपण एकच कृती करत आलो, कारण न करायला कुणाची तरी सही लागते आणि करायला लागत नाही.

इथे एक गोष्ट मी बजावून सांगते, कारण चुकीचं समजलं तर जीव जाईल. पेशंटचा लिहिलेला कागद एकटा पुरत नाही. नर्सने तो वाचून आपल्या मनाने हात आवरायचा नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी घरच्यांशी बोलून, नियमाप्रमाणे ठरवून, केस पेपरवर तसा स्पष्ट आदेश लिहून सही केलेली असली पाहिजे. छाती दाबू नये असा निर्णय कसा घ्यायचा आणि कसा नोंदवायचा याची मार्गदर्शक तत्त्वं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२०मध्ये दिली आहेत, फॉर्मच्या नमुन्यासकट. आदेश नसेल, शंका असेल, तर सुरू करा. सुरू केलेलं थांबवता येतं, न केलेलं मागे जाऊन करता येत नाही. मग रात्री तीनला कागद शोधून काय उपयोग, असं एका मुलीने चोख विचारलं. बरोबर विचारलं तिने. उपयोग तेव्हाच, जेव्हा दुपारी तीनला कुणीतरी तो कागद डॉक्टरांसमोर ठेवलेला असतो. ॲडमिशनच्या दिवशी तो काउंटरवरून रेकॉर्ड रूममध्ये न जाता फाईलच्या पहिल्या पानावर लागला, राउंडला डॉक्टरांनी तो पाहिला, मुलीला बोलावून घेतलं, तर रात्रीच्या सिस्टरच्या हातात आदेश असेल. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९१पासून याच अडचणीवर काम सुरू झालं. तिथे गंभीर आजारी माणसाच्या इच्छेचा डॉक्टरांच्या सहीनिशी आदेशच करतात आणि तो झगझगीत गुलाबी कागदावर असतो. लोक तो घरी फ्रिजवर लावतात, म्हणजे ॲम्ब्युलन्सवाल्यांना शोधावं लागू नये. आपला कायदा निराळा, वाट निराळी. पण गुलाबी रंगाची युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे फाईल पांढरी, कागद पांढरा, त्यावरचे रिपोर्ट पांढरे.

मग येतो बोलण्याचा भाग, आणि त्यावर मी अर्धा दिवस घालवते. तीन जणी पुढे येतात. एक नर्स, एक सून, एक फोनवरचा मुलगा. नर्स झालेली मुलगी बहुतेक वेळा असं सुरू करते, "व्हेंटिलेटर लावायचा की नाही ते सांगा." सून झालेली मुलगी, जी स्वतःही नर्सच आहे, तीही गोंधळते. कारण तिच्या कानाला तो प्रश्न 'सासूला जगू द्यायचं की नाही ते तू सांग' असा ऐकू येतो. असा प्रश्न कुणालाही विचारू नये. मग आम्ही तो फिरवून बघतो. "तब्येत बरी असताना त्या या बाबतीत कधी काही बोलल्या होत्या का?" "आत्ता त्यांना बोलता आलं असतं तर काय म्हणाल्या असत्या?" सूनबाईंच्या खांद्यावरचं ओझं उतरतं आणि खाटेवरची सासू पुन्हा बोलायला लागते. "शेजारच्या नानांना नळ्या लावलेल्या बघून आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या खऱ्या, माझं असं करू नका म्हणून." हे वाक्य प्रत्येक घरात कुणाच्या तरी लक्षात असतं. नळ्या बघून आल्यावर बोललेलं, चवथीला जेवता जेवता बोललेलं, मयताहून परतताना गाडीत बोललेलं. विचारलं तरच ते बाहेर पडतं.

आणखी एक वाक्य मी बंद केलंय. "आता काही करायचं नाही." माझ्या वर्गात जी हे म्हणेल तिला मी थांबवते आणि काय काय करायचं ते मोजायला लावते. ओल्या कापसाने तोंड आणि ओठ पुसणं. दर दोन तासांनी कूस बदलणं. धाप लागली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मॉर्फिनचा छोटा डोस, चेहऱ्यावर पंखा. दुखणं मोजणं, दर पाळीला. डोळे कोरडे पडू न देणं. नातवाला आत सोडणं, भेटीची वेळ नसली तरी. पाद्रीला बोलावून आणणं, नाहीतर तुळशीचं पान आणि पाणी हाताशी ठेवणं. जिने लोटलीचं शांती अवेदना सदन बघितलंय तिला हे वेगळं सांगावं लागत नाही. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसांना तिथे सांभाळतात आणि कामाला उसंत नसते. यंत्र नको म्हटल्यावर नर्सचं काम वाढतं. फक्त त्या कामाचं बिल होत नाही.

"केस झाली तर?" हा प्रश्न जेवणाच्या सुट्टीनंतर येतो, हळू आवाजात. भीती खरी आहे. मी अरुणा शानबागची आठवण काढते, कारण ती आमच्यातलीच. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातली नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिच्यावर हॉस्पिटलातच हल्ला झाला आणि ती पुन्हा शुद्धीवर अशी आली नाही. १८ मे २०१५ला गेली. तिला अन्न देणं थांबवावं अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली आणि त्याच निकालात काही कडक अटींवर जीवरक्षक उपचार काढून घेण्याची वाटही पहिल्यांदा उघडली. त्या वेळी केईएमच्या नर्सेस याचिकेच्या विरोधात उभ्या होत्या. ही आमची आहे, आम्ही सांभाळू, असं त्यांचं म्हणणं होतं. बेचाळीस वर्षं त्यांनी तिला सांभाळलं. मी स्वतः हा निर्देश शिकवते, तरी त्या नर्सेस चुकल्या असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. अरुणाने काय हवंय ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगायची वेळच आली नाही तिच्यावर. मग उरलं ते इतकंच, की रोज तिला भरवणाऱ्या बायका तिला ओळखत होत्या. न्यायालयानेही त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. पेशंटजवळ जास्तीत जास्त वेळ असणाऱ्या माणसाला काय माहीत आहे, याला इतकं वजन दिलेलं मी क्वचितच पाहिलं.

हे मला नीट समजलं ते मात्र गेल्या पावसाळ्यात, एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात. नाव लिहीत नाही. वर्ग संपत आला होता. चहा आला, सोबत पाव-भाजी. कप गोळा करायला वॉर्डातली एक आया आली होती. पन्नाशीची, पेडण्याकडची. मी वर्गाला विचारत होते की पेशंटची इच्छा कुणाकुणाला माहीत असू शकते. डॉक्टर, मुलगा, मुलगी, फॅमिली डॉक्टर, भटजी, अशी नावं येत होती. ती ट्रे हातात धरून दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "आमकां सांगतात बाई."

सगळ्यांनी मागे बघितलं. मी तिला आत बोलावलं. ती संकोचली, पण बोलली. सकाळी अंग पुसताना बोलतात म्हणे. डॉक्टर राउंडला येतात तेव्हा 'बरं आहे' म्हणतात, मुलगा येतो तेव्हा हसतात, नर्स सुई घेऊन येते तेव्हा डोळे मिटतात. अंग पुसायला घेतलं, पाठीवरून कोमट पाण्याचा कपडा फिरला की बोलायला लागतात. "म्हाका घरा व्हर", मला घरी ने, म्हणतात. आता पुरे झालं म्हणतात. गेल्या महिन्यातल्या एका आजीने तिला तीन दिवस रोज सांगितलं होतं की माझ्या गळ्यात नळी घालू देऊ नकोस. "मग तू कुणाला सांगितलंस?" मी विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मला कोण विचारणार, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. आजीच्या गळ्यात नळी घातली गेली होती. पुढच्या बाकावर बसलेल्या सिस्टर इन्चार्जनी मान खाली घातली. मी त्या आयाला काही बोलले नाही. सगळं ठाऊक असून गप्प राहिलेली बाई त्या खोलीत मीही होते, आणि माझ्याकडे तर पोथीत कागद होता.

आम्ही तेव्हाच, चहाचे कप तसेच ठेवून, त्यांच्या रोजच्या नोंदींचा तक्ता काढला. ताप, नाडी, रक्तदाब, लघवी किती, खाल्लं काय. खाली थोडी जागा होती. तिथे एक रकाना आखला. पेशंट काय म्हणाला, कुणाला, कधी. सिस्टर इन्चार्ज म्हणाल्या, हा रकाना फक्त नर्सेसनी भरायचा ना? मी म्हटलं, ऐकेल त्याने भरायचा. लिहिता येत नसेल तर सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं आणि ज्याने ऐकलं त्याचं नाव घालायचं. पाळी बदलताना हँडओव्हरमध्ये रक्तदाबाबरोबर तो रकानाही वाचून दाखवायचा. आणि राउंडला डॉक्टरांना दाखवायचा, त्यांनी मागितला नाही तरी. या नोंदीने कायद्याचा निर्देश होत नाही हे त्यांना समजावलं. पण डॉक्टर घरच्यांना बोलावतील तेव्हा बोलायला काहीतरी हातात असेल, आणि पेशंट शुद्धीत असेल तर त्यालाच विचारता येईल, आई, तुम्ही मावशीला असं म्हणालात का? फॉर्म त्यानंतर. दोन साक्षीदार आणि नोटरी आणायला तेव्हाही वेळ असतो, बहुतेकदा.

दीड महिन्याने मी त्या हॉस्पिटलात पुन्हा गेले. फाईलींच्या पहिल्या पानाला आता पिवळं प्लास्टिकचं पाकीट असतं, निर्देश असला तर त्यात. तेव्हा तीन फाईलींत होता. त्यातल्या दोन निर्देशांवर डॉक्टरांनी बोलणं सुरू केलं होतं, एका मुलाने अजून फोन उचलला नव्हता. तक्ते मी खाटेखाटेपाशी जाऊन वाचले. पुष्कळ ठिकाणी रकाना कोरा होता. काही ठिकाणी नर्सेसच्या घाईच्या इंग्रजीत लिहिलेलं होतं, झोप नाही, मुलाची आठवण काढतात.

खिडकीपासून दुसऱ्या खाटेवर एक आजोबा झोपले होते, नाकात ऑक्सिजनची नळी. त्यांच्या तक्त्यावर शिरोरेषा न देता, सुटी सुटी, जोर देऊन लिहिलेली बॉलपेनची अक्षरं होती. 'खिडकीकडची खाट पाहिजे. बायको येते ती रस्त्यावरून दिसते. सकाळी, अंग पुसताना.' खाली आयाचं नाव.

खिडकीकडची खाट त्या दुपारी रिकामी झाली होती. चादर बदलायचं काम चाललं होतं.